न विचारलेली खोड

॥ श्री ॥

दापोडी,
ता. ३ नोव्हेंबर १९५७

ती. दत्तोबामामांस,
रंभाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. मामींचा खोकला थांबला का, ते कळवावे. दिवाळीला तुम्ही आला नाहीत, म्हणून तुमच्या वाटणीचे अनारसे मीच संपवले.

आता लिहिते त्यावर रागावू नये. तुम्ही अप्पांना मिळवून दिलेली चिंचवडची जागा आज पाहून आले. दोन गुंठे, कोपऱ्यात लिंब. अप्पा पावलांनी खोल्या मोजत होते. चुलीची जागा त्यांनी दोनदा बदलली. पण तिथे पोचायला जागा विकणाऱ्या कोंडाजींच्याच ज्वारीतून जावे लागते. त्यांच्या आई, अंबुबाई, बांधावर गवत कापत होत्या. त्या हसून म्हणाल्या, की वाट काय इकली न्हाई, पोरी. आमी जाऊ देतो म्हणून जायचं.

उद्या त्यांनी काटे लावले तर आम्ही घरात शिरायचे कसे? मामांना हे ठाऊक नव्हते का, असे मी अप्पांना विचारले. मेहुण्याला असले विचारायचे नसते, म्हणाले. आई म्हणाली, बी. ए. झालीस म्हणून माझ्या भावाची परीक्षा घेऊ नकोस. म्हणून तुम्हालाच विचारते. दलाली तुम्ही कोंडाजींकडूनही घेता आणि अप्पांकडूनही. बैलबाजारासारखी उपरण्याखाली बोटे धरून तुम्ही भाव ठरवलात, तेव्हा तो हात आमच्या बाजूचा होता की त्यांच्या? अप्पांची अकरा वर्षांची शिल्लक आणि आईच्या पाटल्या यात आहेत. खरेदीखत चौदा तारखेला आहे.

माझी कॉलेजची पहिली फी तुम्ही भरलीत, हे विसरलेले नाही. म्हणूनच मागे न बोलता समोर लिहिले. रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

आपली,
रंभा

चाकण,
ता. ७ नोव्हेंबर १९५७

चि. रंभास,
दत्तोबामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. मामीला वाचून दाखवले, त्यातल्या चार ओळी गाळल्या. खोकला बरा हाय.

राग आला, खोटं कशाला सांगू. वीस वर्षं मी बैलांची दलाली केली. आमचा रिवाज असा, की दलाल दोन्हीकडचा. खोड विचारली तर लपवायची न्हाई, पण न विचारता सांगायचीबी न्हाई. तिकडं कारखाने आले, तसा मी जमिनीच्या धंद्यात शिरलो आणि रिवाज संगं घेऊन आलो. वाटेचं मला ठाऊक व्हतं. दाजी विचारतील असं धरून चाललो. त्यांनी भिडेनं विचारलं न्हाई, मी सवयीनं सांगितलं न्हाई. बैल वाईट निघाला तर पुढच्या बाजारी उभा करता येतो. घर कुठं उभं करणार, हे तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना कळलं.

काल कोंडाजीला त्याची दलाली परत दिली. इथून पुढं मी दाजींचा माणूस, आठ फुटांची गाडीवाट कागदावर आल्याबिगर खरेदी न्हाई, असं चारचौघांत सांगितलं. उपरणं खांद्यावरच ठेवलं व्हतं. तो म्हणाला, दत्तोबा, शिकल्याली भाची तुला भारी पडली. मी व्हय म्हटलं. त्यानं अजून हो म्हटलेलं न्हाई. न्हाई म्हणाला तर दाजींनी दिलेले इसाराचे पैसे परत आणायची जबाबदारी माझी. अक्काला घोर करू नको म्हणावं.

आणखी एक. खेडचं एक स्थळ आलंय, मुलगा शाळामास्तर. त्याच्या बापाला बजावलंय, की या सौद्यात मी मुलीकडचा. तेव्हा न विचारता खोड सांगतो: मुलगा आईच्या शब्दाबाहेर न्हाई.

अनारसे पुन्हा करायला सांग. माया हाय तशीच हाय.

तुझा,
दत्तोबामामा

दापोडी,
ता. १५ नोव्हेंबर १९५७

ती. दत्तोबामामांस,
रंभाचा शि. सा. न. वि. वि.

काल खरेदीखताच्या घाईत बोलणे झाले नाही, म्हणून लिहिते. मामींसाठी दिलेले अनारसे त्यांच्यापर्यंत पोचले का?

कोंडाजींना अंबुबाईंनी वळवले, हे अप्पांकडून आज कळले. त्या नव्या नवरी असताना शेजाऱ्याने बांध अडवला होता आणि भरल्या घागरी घेऊन त्यांना ओढ्यातून यावे लागले होते. आपल्या दारी तसे नको, म्हणाल्या.

आज अप्पा कामावरून परस्पर तिकडे गेले. आठ फुटांच्या वाटेने तीनदा आले-गेले म्हणे, आणि ज्वारीचे एक ताटही मोडले नाही. आई दोन आठवड्यांनी शांत झोपली. माझ्याशी मात्र अजून तुटक बोलते. काल पहिले ताट तिने तुम्हाला वाढले आणि मग माझ्याकडे पाहिले.

मला सर्वांत बरे वाटले ते वेगळ्याच गोष्टीने. जेवताना अप्पांनी मान खाली घालून तुम्हाला विचारले, की आणखी काही खोड आहे का. मेहुण्याला त्यांनी इतक्या वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. तुम्ही म्हणालात, विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं. आणि अप्पा भात कालवता कालवता हसले.

आता गिऱ्हाइकाला आधीच सांगता, की मी कोणाचा, आणि दलाली त्याच एकाकडून घेता, हेही अप्पांनी सांगितले; फार आवडले. बाजारात लोक हसत असतील. हसू द्यावे.

स्थळाविषयी. मुलाची खोड समजली. माझीही त्यांना न विचारता सांगून टाकावी, की मुलगी प्रश्न विचारते. ते ऐकूनही आले, तर नव्या वाटेने जागा दाखवायला आणावे.

मामींना नमस्कार. लोभ मात्र एकाच बाजूचा असू द्यावा, आमच्या.

आपली,
रंभा