झोपाळ्याचं बिल

नॉरफोक, रविवार

प्रिय आई,

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

गिल्बर्टकाकांची खुशाली विचारलीस. आमच्या गावपंचायतीचे अध्यक्ष ते, मला इथं कारकून म्हणून त्यांनीच घेतलं. यंदाही गावकऱ्यांना तपासायला हिशेब उघडे ठेवले होते. ते चाळताना गावातल्या पोकॉकबाई मला म्हणाल्या, "अगं, मुलांचा झोपाळा अजून मोडकाच आहे. मग हे दुरुस्तीचं बिल कसलं?"

बिल काकांनीच आणून दिलं होतं.

"तुझ्या मार्जरीकाकूच्या आजारपणात गेले गं पैसे. परत भरणार होतो," मी विचारल्यावर ते म्हणाले.

पण ते गावाच्या करातले पैसे होते, आई. मी लेखापरीक्षकांना कळवलं. काकांनी राजीनामा दिला.

आज चर्चमध्ये त्यांनी सरकून मला शेजारी जागा केली. मला तिथं बसवेना.

तुझीच,
हेस्टर