मुल्की दाखला

३ जून १९३४, केदारखेडा
बदनापूरच्या मुलींच्या शाळेतून मोठ्या बाईंची चिठ्ठी. दुसऱ्या मास्तरणीच्या जागेवर मला घ्यायचं ठरलं. अण्णांनी चिठ्ठी उलटी धरून पाह्यली, मंग डोळे पुसले. आमच्या धनगरांत पहिलीच मी. फक्त मुल्की दाखला हवा, मी याच संस्थानातली आहे, बाहेरची न्हाई असा. धाकट्या बहिणीलाही, सखूला, पुढच्या शाळेसाठी लागतोच. दोघींचा सोबत काढू.

६ जून
भोकरदनला कचेरीत. सखूचं काम दुपारच्या आत झालं. हसनाबादच्या जन्मनोंदीत तिचं नाव आहे. माझं कुठंच न्हाई. कारकुनानं विचारलं, "हिचा जन्म कुठला?" अण्णा माझा हात धरून कचेरीबाहेर निघाले.
परतताना गाडीत बोलले. "तू बुलढाण्याकडची, इंग्रजी मुलखातली. चारा संपला म्हून मेंढरं घेऊन इकडं आल्तो. तू दीड वर्साची, माह्या खांद्यावर."
अठरा वर्षांची झाले. आज कळलं.

८ जून
पाटील आले. "इथंच जल्मली असं लिहून देतो. दोन म्हातारे उभे करतो साक्षीला. कोण इचारतंय?" आई लगेच तयार.
आत्याचं वेगळंच. "मुल्की नवरा केला की बायको आपोआप मुल्की. म्या स्थळ पाहूनच राह्यले."
जेवले न्हाई.

११ जून, बदनापूर
पाटलांना नको म्हणून आले. खोटं उघडं पडलं तर अण्णांना धरतील. आई बोलत न्हाई.
बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, पंधरा वर्षं इथं राहिल्याचं दाखवलं तरी मिळतो. शाळेच्या पटावर माझी अकराच निघतात. आधीची मेंढरांमागं गेली, त्याची नोंद कोण ठेवणार!
दोघींनी अर्ज लिहिला. शेवटचं वाक्य माझं: आईबापांच्या खांद्यावर आलेल्या लेकरांसाठी कायद्यात वेगळी सोय असावी, माझ्यासारखी पुष्कळ आहेत. बाई म्हणाल्या, "कचेरीतले साहेब चिडतील, गंगू." मी खोडलं न्हाई.

१९ जून
भोकरदनला साहेबांपुढं उभी राह्यले. सखूची जन्मनोंद दाखवली. तेव्हापासून तरी आम्ही इथं आहोत.
"ये तो बहन का है. त्या दिवशी तू कुठं होतीस?"
"आई बाळंत होत होती. तीन वर्षांची मी, दुसरीकडं कुठं असणार?"
कारकून हसला. साहेब हसले न्हाईत, कागद पुन्हा वाचला. मंग शपथेवर हलफनामा लिहून घेतला: जुन्या गावी परत जाण्याचा इरादा सोडला आहे. गावाचं नाव मला ठाऊक न्हाई. अण्णांना विचारून लिहिलं. सही केली. अण्णा खाली पाहत होते. त्या गावात त्यांची आई पुरलेली आहे.

२ जुलै, बदनापूर
कागद औरंगाबादेला गेला. निकाल न्हाई. तोवर बाई वर्गावर पाठवतात, हजेरीपटावर माझं नाव न लिहिता. परवा तपासणीला कोणी येणार, तेव्हा काय सांगायचं ते त्यांनाही ठरवता आलेलं न्हाई.
आज पहिलीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमचं गाव कोणतं?"
केदारखेडा, म्हटलं. लगेच म्हटलं. मंग फळ्याकडं वळले. हलफनाम्यातलं गावाचं नाव कोपऱ्यात बारीक लिहिलं, हातानं पुसलं.