सोमवारची बाही

विहीणबाई,

तुमच्या लेकीबद्दल मी डॉक्टरांशी खोटं बोलले, म्हणून हे लिहायला बसले.

डासाचा ताप उतरून तिला दहा दिवस झाले होते. सोमवारी ती दुकानातल्या शिलाई मशीनवरून म्हणाली, "आई, पायांना मुंग्या येतायत. पेडल कळतच नाही."

"मग झटक. गिऱ्हाईक थांबणार नाही."

तिच्या बाहीची शिवण वाकडी गेली होती. मी दोनदा उसवायला लावली. तिसऱ्यांदाही वाकडीच. "शिवण सरळ आहे हो, मीच वाकडी झालेय," ती हसून म्हणाली. आमच्या दुकानात नापास कापडाला तारखेची चिठ्ठी टाचतात. ती मीच टाचली.

गुरुवारी तिला खुर्चीतून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, तापाशी लढणारी ताकद आता तिच्याच नसांवर उलटली आहे. श्वासही अडू शकतो.

"नेमकं कधी सुरू झालं? उपचार त्यावर ठरतील."

"आज सकाळी," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला सांभाळून घ्यायला गप्प राहिली. ते मला सहन झालं नाही. तासाभराने मी परत जाऊन डॉक्टरांना खरा वार सांगितला.

हे पत्र टाकणार नाही. उद्या तुम्ही आलात की समोर उभी राहून सांगेन.

तिची सासू

डॉक्टरांना दाखवायला सिस्टरकडे दिलं: तापाचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि वाकड्या शिवणीची एक बाही, सोमवारच्या चिठ्ठीसकट.