दोनदा फिरवलेल्या रेषा

३ डिसें., बुध.
पंचवटी. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून महिनाभर घरी. दिवसातून चारदा त्यांच्या डोळ्यात थेंब, मधल्या वेळात माझा संशोधनाचा पेपर. मान्य झालाय, सोमवारी मार्गदर्शक सरांकडे शेवटची प्रत, की लगेच छापायला. सहा वर्षं घातली अवकाशातल्या या एका ढगावर! त्यात एक अजस्र तारा जन्माला येतोय. माझं म्हणणं, चुंबकीय क्षेत्र (यापुढे चुं.क्षे., हात दुखतो) तिथे मालक आहे. वायूला ते धरून ठेवतं, म्हणून ढगाचे बारीक तुकडे पडत नाहीत आणि एकच दांडगा तारा होतो.
बाबा म्हणाले, "म्हणजे मुकादमच की गं!"

४ डिसें., गुरु.
माळ्यावर घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक सापडलं. चौथीत असेन. बाबांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरला, खाली हे धरलं, आणि कीस रेषारेषांनी उभा राहिला. "फुंकर मारू नकोस!" मी मारलीच. कीस थेट आईच्या पोळपाटावर. दोघांनाही तिने असं धारेवर धरलं...
आज पुन्हा करून पाहिलं. कीस नव्हता, टाचण्या घेतल्या. जमलं नाही. ओरडायला आईही नाही. फार आठवण आली.

६ डिसें., शनि.
बाबांना चित्र दाखवलं. ढगाची लांब पट्टी, तिला आडव्या छेदणाऱ्या चुं.क्षे.च्या रेषा. सांगितलं, दुर्बिणीला रेषा दिसत नाहीत. धुळीचा प्रकाश दिसतो, त्याच्या कंपनांची दिशा रेषांना काटकोनात. म्हणून सगळ्या दिशा नव्वद अंश फिरवल्या.
"तुझ्या आधी कुणी फिरवल्या नाहीत ना?"
आणि मग ती गोष्ट, पन्नासाव्यांदा. ओझरच्या कारखान्यात बाबा विमानांची होकायंत्रं तपासायचे. मोकळ्या मैदानात विमान गोल फिरवत काटा किती चुकतो ते बघायचं, तेवढा सुधारायचा. एकदा आधीच्या पाळीने सुधारलेला काटा यांनी पुन्हा सुधारला, वर सही केली. घरी येताना बसमध्ये उमगलं. मध्येच आडगावला उतरले, ट्रकला हात करून परत गेले आणि साहेबांना सांगितलं.
मी खेकसले, "बाबा, हे विमान नाहीये!" नंतर मलाच वाईट वाटलं.

७ डिसें., रवि.
राहवलं नाही. वेधशाळेकडून आलेली मूळ फाइल उघडली. सोबतच्या टिपेत, अगदी दुसऱ्या ओळीत: दिशा फिरवून दिल्या आहेत. सहा वर्षांपूर्वी ती ओळ मी वाचलीच नाही. वर पुन्हा फिरवल्या. गाढव!
म्हणजे रेषा पट्टीला आडव्या नाहीत, तिला समांतर जातात. वायू ताऱ्याकडे कोसळतोय आणि चुं.क्षे.ला फरफटत नेतोय. मालक कसला, गडी! निष्कर्षच उलटा. कुणाला कळणार आहे, हाही विचार आला. लिहून ठेवते, आला.
बाबांना सांगितलं. रागावले नाहीत.
"सही झाली का?"
"उद्या."


८ डिसें., सोम.
सकाळी सरांना लिहिलं: पेपर थांबवा, चूक माझी. पाठवलं. नव्या चित्रातून काही उभं राहील, की सगळंच गेलं, ठाऊक नाही.
बाबा काळा चष्मा लावून गॅलरीत उन्हात बसलेत. मांडीवर ते लोहचुंबक.
"उतरलीस?"
"उतरले. आडगावला."
सरांचा फोन वाजतोय. बाबांचे अकराचे थेंब राहिलेत. ते घालते, मग उचलते.