किटलीचे झरोके

ता. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. बातमी मोठी आहे. अप्पांची घरगाडी काल माझ्या वर्कशॉपच्या आवारात येऊन उभी राहिली. उभी राहिली म्हणजे ओढून आणली. बावीस वर्षं एका जागी राहून तिची चारही चाकं बसली होती. आत सगळं तसंच आहे. पडद्यांना आईने घातलेल्या टिपा आहेत, ड्रायव्हरच्या सीटमागच्या खुंटीवर अप्पांची ड्युटीची टोपी आहे आणि शेगडीखालच्या कप्प्यात तुझी एक चप्पल सापडली. दुसरी कुठे आहे ते तुलाच ठाऊक.

अप्पांच्या पंचाहत्तरीला गाडी चालू करून दारात उभी करायची, असं मनात आहे. इंजिन उघडून साफ केलं, पाणी-तेल बदललं, आणि बाईसाहेब दुसऱ्या हाकेला बोलल्या. पण वीस मिनिटांत काटा लाल पट्टीत जातो. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, पेटीत बसवलेलं. समोरून वारा आत येतो, पण तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नाही. बनवणारा हे कसा विसरला, देव जाणे. तेव्हा पुढच्या चाकांमागे दोन्ही बाजूंच्या पत्र्यात पाच-पाच झरोके कापणार आहे, मागच्या अंगाला उघडणारे, म्हणजे गाडी धावताना गरम हवा आपोआप ओढली जाईल.

वाढदिवसाला किटलीची गोष्ट अर्थातच मी सांगणार. आत्याची फर्माईश आलीच आहे. त्या शेवटच्या प्रवासात चढावर गाडी उकळली, अप्पा टोपीने वाफेला वारा घालत उभे राहिले, आणि मी ओरडलो की किटली तयार आहे, कप काढा! या खेपेला खरी टोपी घालूनच नक्कल करीन.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, चप्पल सापडली म्हणून तो थोडा वाढवावास.

तुझा,
ठोक्या

—

ता. ९ सप्टेंबर

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

दुसरी चप्पल त्याच चढावर राहिली. मी दगड शोधायला उतरले होते, चाकाला लावायला. आणि मी तुला वाक्य पुरं करू देत नाही हे खोटं आहे. तुझी वाक्यं संपतच नाहीत.

अप्पांना गाडीचं सांगितलं. जेवण झाल्यावर मला विचारलं, की तो पत्र्याला ड्रिल लावणार आहे का. लावणार आहे म्हटल्यावर पानपुडा उघडला आणि पान न लावताच मिटला. तुला आठवतं ना, त्या गाडीला कोणी स्क्रूसुद्धा लावलेला त्यांना खपत नसे.

एक सांगायचं आहे, रागावू नकोस. या वर्षी किटलीची गोष्ट राहू दे. तू सुरू केलीस की अप्पा पाणी प्यायला उठतात. दर वेळी. पाणी त्यांच्या समोर टेबलावर भरलेलं असलं तरी उठतात आणि आपलं हसून झालं की परत येतात. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही मी हसतच राहिले, हे काही मला भूषण नाही.

सांधेदुखी तशीच. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
ताई

—

ता. १७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचलंस की लगेच घडी घालून ठेव. अप्पांच्या हाती लागू देऊ नकोस.

काल डाव्या बाजूला झरोके आखले आणि पहिलं भोक पाडलं. पत्रा फुटला तसं ड्रिल आत जायला हवं होतं. ते पुन्हा अडलं. एका पत्र्याखाली दुसरा पत्रा! रंग खरवडला तर पुट्टी भरून लपवलेली रिव्हेटांची रांग निघाली. रिव्हेट कापून वरचा पत्रा उचलला. खाली पाच झरोके, कारखान्यातून आलेले, मी आखले होते अगदी त्याच जागी. उजव्या बाजूलाही तसंच.

वरचा पत्रा उलटा केला. आमच्या उस्तादांचा नियम तुला माहीत आहे: केलेल्या प्रत्येक कामावर, जी बाजू दिसणार नाही त्या बाजूला, आपली खूण आणि तारीख कोरायची, म्हणजे काम फसलं तर दुसऱ्याचं नाव सांगता येत नाही. पत्र्यावर माझी खूण होती. छोटी हातोडी. तारीख त्या प्रवासाच्या आधल्या आठवड्यातली.

आई म्हणायची, की तिच्या सीटखालून धूळ येते आणि पाय मातीत जातात. मी सतरा वर्षांचा, उस्तादांकडे लागून सहा महिने झालेले, हात शिवशिवत होते. अप्पा ड्युटीवर गेले असताना दोन्ही बाजूंचे झरोके बंद केले, रंग जुळवला आणि त्यांना सांगितलं, की दाराचं रबर बदललं. ते मला पार विसरायला झालं होतं. म्हणजे गाडी अप्पांनी उकळवलीच नव्हती, ताई. मी उकळवली. आणि बावीस वर्षं त्यांची नक्कल करून टाळ्या घेतल्या.

तू त्यांच्याजवळ असतेस. तूच कधीतरी हलक्या हाताने सांगशील का? तुझ्या तोंडून त्यांना कमी लागेल.

मायेत कमी करू नये, असं लिहायलाही आज लाज वाटते.

ठोक्या

—

ता. २१ सप्टेंबर

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

नाही सांगणार.

आता मी तुला एक सांगते, जे अप्पांनी तुला सांगू नकोस असं बजावलं होतं. त्या प्रवासानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी डेपोत अर्ज दिला, की मला गाडीवरून काढून टेबलाचं काम द्यावं. तू तेव्हा उस्तादांकडेच राहायला गेला होतास. तुला आम्ही सांगितलं, की वय झालं म्हणून साहेबांनी टेबलावर बसवलं. ते खरं नव्हतं. अर्ज मी लिहून दिला, कारण त्यांचं पेन पहिल्या ओळीवरच थांबत होतं. कारण म्हणून त्यांनी लिहायला सांगितलं, की इंजिनाचा आवाज आता मला कळत नाही. आपली स्वतःची गाडी उकळेपर्यंत ज्याला ऐकू आलं नाही, त्याने पन्नास माणसं मागे बसवू नयेत, असं ते आईला म्हणाले. अठ्ठावीस वर्षं बस चालवलेला माणूस. पुढची पाच वर्षं खिडकीशी बसून ड्युटीच्या कागदांवर शिक्के मारले.

तेव्हा हलक्या हाताने सांगण्यासारखं हे नाही. ज्यांच्यासमोर हसलो त्यांच्यासमोर सांग. अठ्ठावीस तारखेला सगळे जमणारच आहेत. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, एवढं कबूल करते.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई

—

ता. ३० सप्टेंबर

तीर्थरूप अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

या पत्रासोबतच्या पार्सलमध्ये दोन पत्रे आहेत. ते घरगाडीच्या झरोक्यांवर मी ठोकले होते, तुम्हाला न विचारता, आणि नंतर दाराच्या रबराचं खोटं सांगितलं होतं. ते उलटे करून पाहा, माझी खूण दिसेल. त्या दिवशी गाडी या पत्र्यांमुळे उकळली. तुमच्या कानांचा काही दोष नव्हता. अर्जाचं मला ताईने सांगितलं. तिला बोलू नका.

हे मी परवा सगळ्यांसमोर सांगायला उभा राहिलो होतो. तुम्ही पाहिलंत. आत्या ओरडली, किटली, किटली! मुलं टाळ्या वाजवायला लागली, कोणीतरी मी गाडीतून आणलेली तुमची टोपी माझ्या हातात दिली. मी तोंड उघडलं आणि नेहमीचीच गोष्ट बाहेर आली. नक्कल, टोपी, कप, सगळं. खोली हसत होती आणि तुम्ही पाणी प्यायला उठलात. ताई माझ्या शेजारी उभी होती, ती हसली नाही. जेवायला न थांबता मी निघालो, त्याचं कारण तुम्हाला कामाचं सांगितलं. तेही खोटं.

अजून एक आहे, ते ताईलाही सांगितलेलं नाही. तिला मी लिहिलं, की पत्रे मी विसरून गेलो होतो. नंतर विसरलो, हे खरं. पण त्या चढावर पहिली वाफ निघाली तेव्हा मला ते आठवले होते. तुम्ही मान वळवून मागे पाहिलंत. मला वाटलं, आता विचारणार. म्हणून मी घाईघाईने किटलीचं ओरडलो. सगळे हसले, आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. ती गोष्ट मी गंमत म्हणून नाही, लपायला रचली होती.

गाडीचे झरोके आता मोकळे आहेत. तासभर चालवली, काटा मधेच राहतो. ती वाढदिवसाला दारात आणायचा धीर झाला नव्हता; आता कधी आणून पोचवू, की आणूच नको, ते कळवावे. लोभ मागायचा हक्क राहिला नाही, तरी मागतो.

आपला,
ठोक्या

—

ता. ५ ऑक्टोबर

चि. ठोक्यास,

अनेक आशीर्वाद लिहायची सवय आहे. आज एकच लिहितो.

पार्सल पोचलं. पत्रे टेबलावर ठेवले आहेत. काम चांगलं आहे, रिव्हेट एका रेषेत आहेत. सहा महिन्यांच्या हाताला हे जमलं, याचं कौतुक वाटतं आणि कौतुक वाटल्याचा राग येतो.

पत्रे ठोकलेस त्याचं फारसं काही नाही. सतराव्या वर्षी मीही पुष्कळ उद्योग केले. पण मी मागे वळून पाहिलं ते तुला जाब विचारायला नाही. तुम्ही सगळे ठीक आहात ना, ते पाहायला वळलो होतो. आणि तू ओरडलास. ते मला माफ करता येईल की नाही, आज सांगू शकत नाही. येईल तेव्हा कळवीन. तोवर विचारू नकोस.

डेपोच्या खिडकीशी बसून मी रोज डोळे मिटून बाहेर पडणाऱ्या गाड्या ऐकत असे. हिचा पट्टा सैल आहे, हिचा एक सिलिंडर झोपला आहे, असं मनाशी म्हणत असे. संध्याकाळी मेकॅनिक तेच सांगे. तरी मला वाटायचं, की योगायोग. पाच वर्षं योगायोग! तुझ्या पत्रानंतर काल रस्त्यावर उभा राहून चार गाड्या ऐकल्या. कान ठीक आहेत.

गाडी चालवायचा परवाना मी दर वेळी नवा करून घेतला आहे. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

येत्या रविवारी सकाळी आठला गाडी घेऊन ये. मी चालवीन. मागे आत्या, ताई, जावई, मुलं, जे वाढदिवसाला हसले ते सगळे बसतील. तसं मी कळवलं आहे. तू पुढे डावीकडे बस, तुझ्या आईच्या जागेवर. झरोके मोकळे आहेत म्हणजे पायांवर धूळ येईल. येऊ दे. त्याच चढावर, त्याच वळणावर मी गाडी थांबवीन आणि तू उतरून सगळ्यांना गोष्ट सांगशील, शेवटापर्यंत. या वेळी मी पाणी प्यायला उठणार नाही.

टोपी तुझ्याकडेच राहिली आहे. ती होती त्याच खुंटीला टांगून ठेव. बसलो की मी घेईन.

तुझे,
अप्पा