शंभरपैकी शहाण्णव

३ जून, मंगळवार
लॅब महिनाअखेर बंद. साहेबांनी आज उभ्याउभ्या सांगितलं. रंग आता यंत्र जुळवणार. मी आणि माझा सहकारी, जाड चष्म्यामुळे ज्याला सगळे भिंग म्हणतात, इतकी वर्षं समोरासमोर बसून, खिडकीच्या उजेडात पट्ट्या धरून शेड जुळवत आलो. साहेब म्हणाले, तुमची नजर म्हणजे कंपनीची शान. शान बंद कशी करतात, असं विचारणार होतो. चहा थंड होत होता म्हणून राहिलं.

पुलापलीकडच्या कारखान्यात आमच्या कामाची जागा निघाली आहे. एकच. दुसरी अशी लॅब या शहरात नाही. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष.

भिंगशी स्पष्ट बोललो. अर्ज करायचा तर एकमेकांना सांगून, लपवाछपवी नाही. त्याने हात पुढे केला, मी मिळवला. माझ्या बाबतीत त्याचीही गरज नव्हती.

५ जून, गुरुवार
रेझ्युमे लिहिला. वाचून स्वतःबद्दल आदर वाटला. पहिलीच ओळ: कोणतीही शेड नुसत्या नजरेने जुळवतो. लेक म्हणाली, बाबा, हे आधी माणूस वाचतच नाही. सॉफ्टवेअर वाचतं, आणि नाही पटलं तर परस्पर कचऱ्यात. तिने तपासायची एक साइट काढून दिली. गुण: शंभरपैकी एकोणचाळीस. एवढे कमी मला एकदाच पडले होते, तेही ताप असताना.

अर्ज केलेला नाही. तेव्हा भिंगला कळवण्यासारखं काही नाही.

६ जून, शुक्रवार
पहिली साइट म्हणते, फोटो काढा. दुसरी म्हणते, फोटो असू द्या, दुसरं पान काढा. तिसरीला एका पानात अनुभव दिसत नाही. तिघींचं एकमत एकाच गोष्टीवर: ती नजरेची ओळ. जाहिरातीत तसला शब्द नाही, कौशल्य कालबाह्य वाटतं. खाली लाल रेघ. मी लाल रंग पाहिला. स्वस्तातला, पिवळ्याकडे झुकलेला.

९ जून, सोमवार
मनाशी बराच वाद. 'डिजिटल कलर मॅनेजमेंट' लिहिणं खोटं ठरेल का? सगळ्या बाजूंनी विचार केला. यंत्राचं खोकं आलं तेव्हा ते मीच उतरवून घेतलं. म्हणजे संबंध आहे. 'स्टेकहोल्डर' म्हणजे भिंतीचा रंग वेगळा आला म्हणून भांडायला येणारे ठेकेदार. त्यांना वर्षानुवर्षं सांभाळलंय. लिहिलं. आमच्या लॅबचं नाव काढून मूळ उद्योगसमूहाचं घातलं. साइटला मोठी नावं आवडतात.

बासष्ट.

बायकोने वाचलं. म्हणाली, कोण आहे हा? मी म्हटलं, मीच. म्हणाली, मग याच्याशी माझं लग्न झालेलं नाही. अशा काळात साथ हवी असते.

१२ जून, गुरुवार
नजरेची ओळ काढली. तात्पुरती. इंटरव्ह्यूत तोंडी सांगता येईल.

शहाण्णव. हिरवं वर्तुळ आलं आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. साहेबांनी इतक्या वर्षांत एवढं केलं नाही.

अर्ज पाठवला. भिंगला उद्या गेल्यागेल्या सांगायचं.

१३ जून, शुक्रवार
सांगितलं नाही. तो खुशीत होता. उगाच मूड गेला असता.

१६ जून, सोमवार
चहाला भिंग म्हणाला, अरे, आपण दोघंच जाऊन येऊ की तिकडे. गेटवर विचारू लॅब कुठे आहे, ती चालवणाऱ्या बाईंना भेटू, खाऊन तर टाकणार नाहीत. मी म्हटलं, गेटवर कोण जातं हल्ली? सगळं ऑनलाइन असतं. त्याने विचारलं, मग तू केलास का ऑनलाइन? मी म्हटलं, विचार चालू आहे.

यात खोटं काही नाही. माझा विचार चालूच असतो.

तो म्हणाला, मग मी एकटा जाऊन येऊ? चालेल ना तुला? चालेल म्हटलं. सॉफ्टवेअरबद्दल सावध करणार होतो. पण त्याच्याकडे रेझ्युमेच नाही, सावध कशापासून करणार?

१८ जून, बुधवार
मेल आली. पुढच्या फेरीसाठी निवड. बायकोला दाखवली. म्हणाली, त्याची झाली वाटतं. तुझी कधी?

२० जून, शुक्रवार
लॅबच्या बाईंचा फोन. आवाज गोड, प्रश्न तिरके. यंत्र बंद पडलं तर नुसत्या नजरेने शेड जुळवाल का, म्हणाल्या. मी सापळा ओळखला. तिन्ही साइटनी बजावलं होतं. म्हटलं, मॅडम, नजरेवर विसंबायचे दिवस गेले. मी ते करत नाही. माझा भर डेटावर. त्या म्हणाल्या, अच्छा. हा 'अच्छा' बराच लांब होता. प्रभाव पडला असावा.

भिंगला आता सरळ नेमणूक झाल्यावरच सांगावं. अर्धवट बातमी देणं बरं नव्हे.

२४ जून, मंगळवार
नकार. वर पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. रेझ्युमे पुन्हा तपासला. अजून शहाण्णव. पुन्हा कागदाचे तुकडे.

तिन्ही साइटनी गळा कापला.

२५ जून, बुधवार
ती जागा भिंगला मिळाली. ना रेझ्युमे, ना स्कोअर. बाईंनी खिडकीपाशी नेऊन दोन करड्या पट्ट्या हातात दिल्या, याने सांगितलं कुठलीत कणभर निळा जास्त आहे. झाली नेमणूक. आणि इथे करडा आला की हाच मला हाक मारायचा, बघ रे जरा, मला खात्री वाटत नाही.

हातात हात देऊन ठरवलं होतं. माझ्या पाठीमागे गेला. बरोबर आहे, विचारून गेला. पण विचारण्याच्या सुरातच काहीतरी होतं, हे आता जाणवतं. यापुढे बोलणं बंद.

बायको म्हणाली, आणि तू काय सांगितलं होतंस त्याला? या घरात माझी बाजू घेणारं कोणी उरलेलं नाही.

२७ जून, शुक्रवार
भिंग दोनदा टेबलापाशी येऊन गेला. मी यंत्राच्या मॅन्युअलमधून डोकं वर काढलं नाही. ती पानं मला न येणाऱ्या भाषेतली होती, हे नंतर लक्षात आलं.

३० जून, सोमवार
शेवटचा दिवस. भिंगने जिन्यात गाठलं. म्हणाला, तोंड काय फिरवतोस, ऐक तर. बाई मला हो म्हणाल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, माझ्यापेक्षा तयार नजर आमच्याच लॅबमध्ये आहे, त्याला घ्या. तुझं नाव दिलं. तर म्हणाल्या, या नावाच्या एकाचा अर्ज होता, पण तो स्वतःच म्हणाला की नजरेचं काम तो करत नाही. मी म्हटलं, मग तो हा नव्हे. हा तर अजून विचारच करतोय, मला स्वतः म्हणाला. खोटं कशाला बोलू, त्यांनी विषय सोडला तेव्हा मला जरा बरंही वाटलं. पण नाव तुझंच दिलं होतं.

मग चष्मा शर्टाला पुसत म्हणाला, काय रे, तो दुसराच कोणी होता ना?

मी म्हटलं, हो. दुसराच कोणीतरी असेल.