पहिल्या बाकावरची जागा

मी, खाली सही करणारा, या चर्चच्या मंडळीचा सेवानिवृत्त पाळक, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नाही.

घर माझ्या पश्चात थोरला आणि धाकटी यांना समसमान मिळावं. बागेकडची खोली थोरल्याने घ्यावी. सूनबाईंच्या डोळ्यांत ती पहिल्यापासून भरली आहे.

पेटी मेहुण्याला. त्याचं बेसूर गाणं मी आयुष्यभर सोसलं, आता त्याच्या शेजाऱ्यांनी सोसावं.

माझा उपदेश लांबतो म्हणून कारभाऱ्यांनी व्यासपीठासमोर मुद्दाम टांगलेलं घड्याळ मी रागाने घरी आणलं होतं. ते परत करावं. किल्ली मात्र देऊ नये.

माझा काळा झगा धाकटीला. माझ्या जागी आता तीच पाळक आहे. परवा याच टेबलाशी बसून ती म्हणाली, "बाबा, मी भिंतींशी बोलतेय. निम्मे बाक रिकामे असतात. सोडते मी हे काम." त्याचं उत्तर इथे देतो.

बेटा, बाक माझ्याही काळी रिकामेच होते. मी आलो तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात बाहेर खुर्च्या मांडाव्या लागतील. पुढे माझी सगळी भिस्त पहिल्या बाकावरच्या शिवणकामवाल्या आजींवर राहिली. त्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायच्या. त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांची सून सहज बोलून गेली, "सासूबाईंना तर कधीपासून काहीच ऐकू येत नाही, पाळकसाहेब."

मी पाटीवर लिहून विचारलं, मग येता कशाला? आजी मोठ्याने म्हणाल्या, "माणसं असोत नसोत, तुम्ही उभे राहता ना! ते बघितलं की माझी मशीन आठवडाभर चालते."

त्या गेल्यावर एका रविवारी पाहुण्या पाळकांना उपदेशाला बोलावलं आणि कानांत कापूस घालून मी आजींच्या जागी, मागची माणसं दिसतील असा तिरका बसलो. बोलचाल बंद असलेले दोघे भाऊ एकाच पुस्तकात बघून ओठ हलवत होते. उपदेशात हमखास घोरणारा नळवाला, नुकताच नवरा गेलेल्या शेजारच्या बाईला गीताचं पान काढून देत होता. मी गप्प बसलो होतो आणि देवाचं काम चाललं होतं! ते दर रविवारी माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं असणार. मी डोकी मोजण्यात गुंतलो होतो. आजही आठवलं की मी थक्क होतो.

म्हणून सांगतो, काम सोडलंस तरी झगा तुझा आणि घरातला वाटाही तुझाच. अट काही नाही. फक्त त्याआधी एकदा आजींच्या जागी बसून बघ. कापूस झग्याच्या खिशात ठेवला आहे.

माझ्या अंत्यविधीला किती माणसं आली, ते कोणी मोजू नये.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: रविवार, उपासनेनंतर
सही: पाळक, सेवानिवृत्त

साक्षीदार पहिले: डॉक्टर. यांचं डोकं ठिकाणावर आहे. घड्याळाची किल्ली द्यावी असं माझं मत आहे.

साक्षीदार दुसरा: नळवाला. पान काढून दिलं ते कोणी बघत असेल असं वाटलं नव्हतं. घोरतो हे कबूल. पण ताईंनी पाळकाचं काम सोडलं तर रविवारी मी जाऊ कुठे?